किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी: रस्ता, फेरीबोटी आणि गाडीची खालची बाजू

महामार्ग टाळून रत्नागिरी गाठायची, म्हणून आम्ही ताम्हिणी उतरून माणगाववरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर धरलं. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घातली, पलीकडे वेसवीला उतरलो, मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळ-धोपावे ही दुसरी फेरी. गुहागर, हेदवी करून तवसाळ-जयगड ही तिसरी, आणि गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. परतताना हातखंबा, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर. शेवटची फेरी कधी सुटते ते मुक्कामावरून निघतानाच विचारून ठेवा. चुकली तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त जाणवतो, तेव्हा गाडी अगदी सावकाश चढवा, नाहीतर बंपर घासतो.

मासे, मोदक आणि सूर्यास्त यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायचंय ते गाडीच्या खालच्या बाजूबद्दल, कारण हा रस्ता तिची खरी परीक्षा घेतो. अरुंद डांबरी, मध्येच उखडलेला, प्रत्येक वाडीला पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक, आणि सोबत खारी हवा.

आमची जुनी हॅचबॅक आहे. निघायच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये पुढची चाकं उचलून घेतली. चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर संशय बेअरिंगवर, तसाच राहिला तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) टोकाच्या बॉल जॉइंटवर, म्हणजे चाक वळू-हलू देणाऱ्या गोल सांध्यावर. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टकटक झाली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं दिसलं तर खेळ नसला तरी तो बदलायचाच, कारण आत पाणी आणि वाळू गेली की ग्रीस टिकत नाही. हा जॉइंट निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. आमच्या डाव्या बाजूचं बूट चिरलेलं निघालं, आर्म बदलला, अलाइनमेंट करून घेतली.

आर्म बदलताना एक गोष्ट उभं राहून बघा. बुशचे (आर्म सांगाड्याला जिथे जोडतो तिथलं रबरी अस्तर) बोल्ट चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पडल्यावर शेवटचं आवळायचं. नाहीतर बुशचं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे सर्रास टाळलं जातं.

गुहागरच्या अलीकडे हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर पुढून खडखड सुरू झाली. मोठ्या गतिरोधकावर आवाज नाही, बारीक खडीवर मात्र हमखास. अशा वेळी पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर घ्यावा. तो तुटला तर गाडी वळणात जास्त झुकते. गावातल्या मिस्त्रींनी हाताने हलवून दाखवला आणि जोडी बदलली. मग स्वतःहूनच मागचं चाक काढून म्हणाले, "साहेब, वरून चकाचक आहे हो, पण इथे बघा." स्प्रिंग जिथे खालच्या वाटीत बसते तिथे त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फिरवला. ओली वाळू निघाली, आणि तिच्यासोबत तपकिरी पापुद्रे. स्प्रिंगचा शेवटचा वेढा रंग उडून खडबडीत झाला होता. बहुतेक स्प्रिंगा अशाच खालच्या वेढ्याशी तुटतात, आणि पुढच्या चाकाला तुटलेलं टोक कधीकधी टायरमध्ये घुसतं. आमची घासून बघितल्यावर गंज वरवरचाच निघाला. तेवढ्यावर परतीचा प्रवास भागला, स्प्रिंगा घरी आल्यावर जोडीने बदलल्या.

मिस्त्रींचा राग मात्र पर्यटकांवर होता. "बीचवर गाडी घालतात, लाटेत फोटो काढतात, रुतली की आम्हाला फोन." मुरूड, लाडघर, गुहागर, कुठेही गाडी वाळूत नेऊ नका. समुद्राचं पाणी मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या बीमच्या पोकळीत शिरलं की वरवरच्या धुण्याने निघत नाही.

परत आल्यावर वॉशिंग सेंटरला गाडी वर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या: स्प्रिंगच्या वाट्या, आर्मच्या खाचा, मागचा बीम. धुऊन झाल्यावर डिझेल मारायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ते नको म्हणा, बुशचं रबर फुगून मऊ पडतं. अँटी-रस्ट कोटिंग करायचं तर गंज घासून, गाडी पूर्ण कोरडी करून. ओल्या गंजावर काळा थर दिला की आतून खाणं चालूच राहतं आणि पुढच्या वेळी दिसतही नाही.

शॉकअपवर (स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा दांडा) तेलाने चिकटलेली धूळ आहे का आणि टायरवर टप्प्याटप्प्याने खोलगट झीज आहे का, एवढं दर महिन्याला हवा भरताना बघता येतं. घरी गाडी उचललीत तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली सरकू नका, स्टँड लावा.

आणि कुणी जुनी गाडी घेत असाल आणि नंबर एमएच-०६, ०७ किंवा ०८ चा (रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी) असेल, तर गाडी पनवेलच्या पुढे कुठल्या अंगणात उभी असायची ते विचारा. समुद्राजवळची असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, टोकन देण्याआधी लिफ्टवर चढवा.