सीएनसी लेथवर पहिला जॉब निघेपर्यंतचे अडीच आठवडे

कोर्सचं पहिलं सत्र कानस, साधा लेथ (तुकडा फिरवत कापायचं मशीन) आणि मिलिंगमध्ये गेलं. हात दुखले, जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, काटकोनात यायला लागले, झालं. मला सांगायचंय ते दुसऱ्या सत्रातल्या एका फॉर्मबद्दल. त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर आपोआप चालणारा लेथ, एकच आणि आम्ही चोवीस जण. म्हणून मशीनवर नंबर लागण्याआधी प्रोग्रॅम मंजूर करून घ्यायचा. फॉर्मला प्रोग्रॅमची प्रिंट, सेटअप शीट आणि टूल लिस्ट जोडायची. सही आधी थिअरीच्या सरांची, मग वर्कशॉपच्या सरांची, शेवटी स्टोअरची. माझा जॉब साधाच होता: ३२ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा रॉड, २८ व्यासाची स्टेप आणि टोकाला एम२० × २.५ चे आटे (व्यास २०, दोन आट्यांतलं अंतर २.५ मिलिमीटर).

फॉर्म परत आला. टूल लिस्टभोवती लाल पेनाने गोल, बाकी एक अक्षर नाही. अक्षर लागत नसेल म्हणून मी सगळं टाइप करून दिलं. तीन दिवसांनी पुन्हा परत, पुन्हा तोच गोल. मग इन्सर्टचे (टूलच्या टोकाला बसणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचे) कोड तपासले, एक बदललासुद्धा, जो मुळात बरोबर होता. तिसऱ्यांदाही गोल. सिम्युलेटरवर तर प्रोग्रॅम सुरेख चालत होता, आटेसुद्धा स्वच्छ दिसत होते. माझ्या मागून फॉर्म दिलेले दोघे जॉब काढून मोकळे झाले आणि मी ट्रेमधले कागद चाळत उभा.

शेवटी वर्कशॉपच्या सरांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "अरे, चार नंबरला बोरिंग बार आहे. थ्रेडिंगचं टूल सहाला." एवढंच! थ्रेडिंग म्हणजे आटे पाडणं, आणि त्या टूलसाठी मी टी०४०४ (चार नंबरची जागा) लिहिलं होतं, हवं होतं टी०६०६. सिम्युलेटरमध्ये टूल आपण लावू तिथे बसतं, पण खऱ्या मशीनच्या टरेटमध्ये, म्हणजे टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीत, टूलच्या जागा ठरलेल्या होत्या. त्याचा तक्ता कंट्रोल पॅनेलच्या शेजारी चिकटवलेला. आणि त्या खोलीत मंजूर फॉर्म असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हणजे फॉर्म बरोबर भरायला जो तक्ता लागतो, तो फॉर्म मंजूर झाल्यावरच दिसणार. लाल गोलाशेजारी "सहा" एवढा एक शब्द लिहिला असता तर माझा दीड आठवडा वाचला असता. तेव्हा पहिल्याच दिवशी कुणाकडून तरी टरेटचा तक्ता उतरवून घ्या, प्रोग्रॅम त्यानंतर लिहा.

दोन्ही सह्या झाल्या तर स्टोअरमध्ये थ्रेडिंगचा इन्सर्ट संपलेला. तो येईपर्यंत मंजुरीची सात दिवसांची मुदत संपली आणि दोन्ही सह्या परत घ्याव्या लागल्या. स्टोअरच्या काकांना आधी विचारा, सरांकडे मग जा. तशी सोय फॉर्मवर नाही, पण काका नीट सांगतात.

मशीनवर उभं राहिल्यावर मात्र सगळा शीण गेला. चकमध्ये रॉड धरला, ऑफसेट (टूल नेमकं कुठे आहे ते मशीनला सांगणारे आकडे) घेतले, दोनदा तपासले. सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता होणारी जलद हालचाल) सगळ्यात कमी आणि अंगठा फीड होल्डवर, म्हणजे हालचाल थांबवायच्या बटणावर. पहिली हालचाल जी०० एक्स३४ झेड२, म्हणजे रॅपिडने ३४ व्यासावर आणि जॉबच्या तोंडापासून २ मिलिमीटरवर. टूल एक्स १८० वर आलं तेव्हा सवयीने थांबवलं आणि स्क्रीनवर किती अंतर उरलंय ते पाहिलं. १४६ दिसायला हवं होतं, दिसत होतं १७९.९६६. पोटात गोळाच आला. मी ३४ पुढे दशांशाचा पॉइंट दिला नव्हता. आमच्या कंट्रोलवर पॉइंट नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो, म्हणून टूल ३४ मिलिमीटरवर थांबण्याऐवजी ०.०३४ कडे निघालं होतं. झेडचंही तेच. अंगठा जागेवर नसता तर रॅपिडमध्ये टूल थेट फिरत्या जॉबच्या तोंडावर आदळलं असतं. सिम्युलेटर पॉइंटशिवायही मिलिमीटरच धरायचा, म्हणून तिथे कधी कळलंच नाही. एक्स३४.० असंच लिहायची सवय लावा आणि नवीन मशीनवर उरलेल्या अंतराचा आकडा पाहिल्याशिवाय पुढचा ब्लॉक सोडू नका. तीन सह्या झालेल्या त्या प्रिंटवर ही चूक कुणालाच दिसली नव्हती, हेही सांगायला हवं.

अजून एक, आत्ता आठवलं म्हणून. जी९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड) वापरत असाल तर जी५० ने कमाल आरपीएम बांधून घ्या, कारण फेसिंगमध्ये, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, टूल केंद्राकडे सरकतं तसा स्पिंडल वेग वाढवत जातो. आट्यांना जी९७, म्हणजे आरपीएम एकच राहतो.

२८ ची स्टेप मायक्रोमीटरवर २७.९८ भरली, ड्रॉइंगच्या मर्यादेत. रिंग गेज (आटे तपासायची कडी) आधी अडकलं आणि माझा चेहरा पडला. सरांनी पहिल्या आट्यावरची बर (कापताना राहिलेली धातूची बारीक कड) कानशीने हलकेच काढली, गेज पुन्हा लावलं आणि ते दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेलं. त्याच दिवशी टरेटचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून खोलीच्या दाराबाहेर लावायची परवानगी मागितली. सरांनी सेलोटेप स्वतः आणून दिली.