फरशीला रंग लावण्याआधी

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही घेतलेलं घर 1960च्या दशकातलं. इथे हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो आणि घराखाली अख्खं बेसमेंट निघतं. आमच्याकडे तिथली जमीन साध्या काँक्रीटची, त्यावर आधीच्या मालकांनी मारलेला राखाडी रंग. पहिल्याच जुलैत पुठ्ठ्याचे खोके उचलले, तर बुडाला हिरवट-काळी बुरशी धरलेली. मुलीला दमा आहे. तो कुबट वास जिन्यात आला तरी माझ्या पोटात गोळा येई.

दुकानात 'बुरशीरोधक' लिहिलेल्या डब्यांची रांगच असते. मी एक उचललाही होता. पण त्यातलं औषध रंगाच्या थराला बुरशी लागू नये म्हणून असतं. वर बसलेली धूळ, टेकवलेला पुठ्ठा त्याने वाचत नाही. बुरशीला काँक्रीट खायचंच नसतं. तिला धूळ, कागद, लाकूड आणि ओल हवी.

कोपऱ्यात जुन्या रंगाला फुगे आले होते. एक नखाने फोडला, तर आत पाण्याचा थेंब आणि खाली पिठासारखा पांढरा लोणा. म्हणजे पाणी खालून येत होतं, क्षार घेऊन. त्यावर कितीही भारी रंग लावला असता, तरी त्याचेही पोपडेच निघाले असते.

सावंतवाडीचा मामा आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेत आला. त्याला व्हिडिओ कॉलवर फुगे दाखवले. तो म्हणाला, "अगो, रंग राहूदे. त्या कोपऱ्याच्या बाहेर काय आहे ते बघ." बाहेर छपराच्या पन्हळीचा पाइप होता, थेट भिंतीच्या मुळाशी सुटलेला. तो सहा फूट पुढे नेला आणि भिंतीलगत माती भरून उतार बाहेरच्या बाजूला केला. खर्च अगदी किरकोळ.

महिन्याभराने चाचणी केली. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचे तुकडे जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने चिकटवायच्या. निदान 16 तास ठेवतात, मी दोन दिवस ठेवले. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतून येते आहे; वरच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा गार फरशीवर निवते आहे. आमच्याकडे खालची बाजू कोरडी, वरची घामेजलेली! म्हणून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, आणलं. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. मी 50 वर ठेवते. खात्रीसाठी कॅल्शियम क्लोराइडची चाचणीही करून घेतली; हा क्षार जमिनीतून येणारी वाफ शोषतो, त्याचं वजन किती वाढलं त्यावरून ती मोजतात. 1000 चौरस फुटांतून 24 तासांत 3 पौंडांपेक्षा जास्त वाफ निघत असेल, तर बहुतेक साधे थर टिकत नाहीत. आमचा आकडा त्याखाली आला.

मग निवड सोपी झाली. वाफ जास्त असती, तर आधी ओल अडवणारा खास एपॉक्सीचा (दोन रसायनं मिसळून कडक होणाऱ्या लेपाचा) पहिला थर, म्हणजे प्रायमर, लागला असता. नुसती अडगळ ठेवायची असती, तर काँक्रीटमध्ये मुरणारं सिलिकेटही चाललं असतं, त्याचे पोपडे निघत नाहीत. पण आम्हाला पुसता येणारी, धूळ न धरणारी फरशी हवी होती, म्हणून सॉल्व्हंट नसलेलं दोन भागांचं एपॉक्सी घेतलं. शेजारीच गॅसचा बंब, त्याची ज्योत चालू असते. सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवाच्या, वाफा पेट घेऊ शकतात, त्या तिथे नकोतच.

1978 पूर्वीच्या घरांतल्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग घासण्याआधी तपासून घेतला. मशीनने घासणं हेच खरं काम. गुळगुळीत काँक्रीटला एपॉक्सी धरत नाही. हाताला सँडपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. एपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, एकत्र केले की बादली हाताला गरम लागायला लागते. तशीच ठेवली तर मिश्रण तिच्यातच घट्ट होतं, म्हणून लगेच जमिनीवर ओतून रोलरने पसरवायचं.

2021च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने याच राज्यातली कितीतरी बेसमेंटं बुडाली. तसं पाणी आत शिरलं तर कुठलाच थर उपयोगाचा नाही, त्यासाठी खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा संप पंपच हवा. आमचा बसवायचा राहिलाय.

खोक्यांच्या जागी आता प्लास्टिकचे डबे आलेत, तेही लोखंडी रॅकवर. मुलीला तिचं चित्रकलेचं टेबल खाली न्यायचंय. मी तिला सांगितलंय, एक अख्खा उन्हाळा जाऊ दे, मग बघू.