गंधार जरा वर

भाच्याचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "मामा, गिटार घेतली. इलेक्ट्रिक. ब्लूज शिकायचाय. काय ऐकू ते पाठव." सोबत होस्टेलच्या कॉटवर आडव्या ठेवलेल्या गिटारचा फोटो. मागे दोरीवर टॉवेल, उशाशी मॅगीचं पातेलं, आणि गिटारवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांमधून आलेलं गाणं. त्यात काय ऐकू असं कुणी विचारलं की माझी लग्नाची यादी करायला बसलेली आत्या होते. हा घेतला तर त्याचा गुरू राहतो, गुरू घेतला तर गुरूचा शेजारी रुसेल. साडेबारापर्यंत बेचाळीस नावं झाली. मग माझी स्वतःची सुरुवात आठवली आणि सगळी खोडून टाकली.

मला एका जाणकाराने सांगितलं होतं, मुळापासून ऐक. मूळ म्हणजे रॉबर्ट जॉन्सन, साध्या गिटारवर गाणारा मिसिसिपीतला जुना ब्लूजवाला. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याची एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती मी आठवडाभर औषधासारखी घेतली. खरखर, त्या खरखरीमागे एक माणूस, आणि दोघे मिळून वाजवताहेत असं वाटायला लावणारी एकच गिटार. मला काही कळत नाही एवढंच कळलं. आज जॉन्सनशिवाय माझा महिना जात नाही, पण ज्याने पुरणपोळी खाल्लेली नाही त्याच्यापुढे हरभऱ्याची डाळ ठेवून "हेच ते मूळ" म्हणण्यात काय अर्थ आहे?

शिवाय पोराकडे विजेवरची गिटार आहे. तिची गोष्ट वेगळी.

मडी वॉटर्स हा ब्लूज गायक मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये लोकगीतं जमवणारा ॲलन लोमॅक्स तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला, तेव्हा मडीने पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. दोन वर्षांनी गाडीत बसून तो शिकागोला गेला. तिथल्या साउथ साइडच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये दिवसभर कारखान्यात राबलेली माणसं यायची, मोठमोठ्याने बोलायची, ग्लास आपटायची. साध्या गिटारचा तिथे पाड लागेना. म्हणून इलेक्ट्रिक. १९४८ मध्ये 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' निघालं. सोबतीला फक्त एक बास, आणि बोटात घातलेल्या नळीने तारांवरून घसरत जाणारा तो सूर. मळ्यावरचंच गाणं, पण आता भरल्या गुत्त्यात शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारं.

विजेने आवाज वाढवला हे सगळे सांगतात. मला मात्र तिची करामत निराळी वाटते. साध्या गिटारची तार छेडली की सूर लगेच उतरणीला लागतो, म्हणून वाजवणारा सतत काहीतरी पेरत राहतो. ॲम्पमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, तोच सूर तग धरतो. तो ओढता येतो, हलवता येतो, त्याच्यावर रेंगाळता येतं. म्हणजे विजेने गिटारला सावकाश वाजायची सोय करून दिली. नवी पोरं नेमका उलटा अर्थ काढतात. वीज आली, चला पळू या.

म्हणून भाच्याला एकच रेकॉर्ड लिहून पाठवली: बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल'. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात झालेला कार्यक्रम. थिएटर पुढे १९७३ मध्ये पाडलं, पण त्या रात्रीचा प्रेक्षक रेकॉर्डमध्ये अजून बसलेला आहे. बाया किंचाळतात, कुणी मध्येच ओरडून दाद देतं. नवख्या कानाला हा प्रेक्षकच वाट दाखवतो. कुठे काय झालं ते आपल्याला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असतं. 'हाउ ब्लू कॅन यू गेट' मध्ये तो बाईला काय काय दिलं त्याचा पाढा वाचतो. दर ओळीला वाद्यं थांबतात, आणि शेवटच्या ओळीला सगळं थिएटर फुटतं. इंग्रजी कळलं नाही तरी तिथे हसू येतं.

गिटारवाल्याने आणखी एक बघावं. बी. बी. गातो तेव्हा वाजवत नाही, वाजवतो तेव्हा गात नाही. ओळ गळ्यातून निघते आणि शेवट गिटार उचलते, पोवाड्यात झीलकरी उचलतात तसा. त्या गिटारचं नाव ल्युसील. आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावात त्याचा कार्यक्रम चालू असताना दोघांची मारामारी झाली, रॉकेलची शेगडी कलंडली आणि आग लागली. हा बाहेर पळाला आणि गिटारसाठी पुन्हा आत शिरला. भांडण ल्युसील नावाच्या बाईवरून होतं असं नंतर कळलं. त्यानंतरच्या प्रत्येक गिटारला त्याने तेच नाव दिलं, पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून. (ते नाव ठेवून शहाणपण आलं की नाही हा भाग वेगळा.)

माझा पहिला महिना त्याच्या एका सुरात गेला. तार ओढायची, वरच्या सुरावर न्यायची आणि तिथे मनगटाने हलवायची. सांगायला सोपं. माझी तार वर जायची, पण कुठे जाऊन थांबायचं ते तिला ठाऊक नसायचं. बोटाला आधी फोड आले, मग घट्टे. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, भजनी मंडळात पेटी धरतात. जिन्यात भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, "काय हो, तुमचं ते यंत्र बिघडलंय का? रोज एकच सूर काढतं."

मी म्हटलं, "आजी, तो गंधार आहे."

"कुठला? कोमल की शुद्ध?"

"मधला."

आजी थांबल्या. मी कसंबसं सांगितलं: या गाण्याचे स्वर बरेचसे आपल्या धानीसारखे. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पण खाली साथीच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांत, शुद्ध गंधार बसलेला असतो आणि वर गाणारा कोमल लावतो. दोघांत भांडण नको म्हणून गाणारा आपला गंधार किंचित वर सरकवतो, पण शुद्धापर्यंत जात नाही. आजींनी डोळे मिटले, सा धरला, कोमल गंधारावर आल्या आणि तिथून केसभर वर. थेट रीगल थिएटर, आमच्या जिन्यात. मग डोळे उघडून म्हणाल्या, "असं होय! मग तुमचा असा लाजतोय कशाला? जरा वर घ्या की."

तेव्हापासून मी आधी गातो, मग वाजवतो. भाच्यालाही तेच लिहिलं. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारे आकडे, उघडू नकोस. एक ओळ गळ्यातून काढ, पंखा लावून काढ म्हणजे रूममेट मारणार नाही, आणि मगच तारेला हात लाव. चक्र बारा बारचं (बार म्हणजे तालाचा एक खंड). चार सा वर, दोन मध्यमावर, दोन परत सा, मग पंचम, मध्यम, आणि शेवटचे दोन घरी. बारला चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. ओळ एकदा म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीला उत्तर द्यायचं. तेवढ्या वेळात उत्तर सुचतं.

त्याचा लगेच प्रश्न: "महिनाभर एकच रेकॉर्ड? अजून दे ना."

मग अल्बर्ट किंग दिला. १९६७ ची 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची. हा डावखुरा. उजव्या हाताची गिटार त्याने तारा न बदलता उलटी धरली, त्यामुळे बारीक तार वरच्या बाजूला आली. आपण तार ढकलतो, तो खाली खेचायचा, बैलाचा कासरा खेचावा तशी. मागे स्टॅक्सचे वादक बुकर टी. आणि एम.जी.ज अशी काटेकोर साथ धरतात की त्याला घाई करायचं कारणच उरत नाही. मोजक्या चारपाच जागा, त्याच त्या, आणि दर वेळी नव्या. ओटिस रशही असाच उलटा डावखुरा. त्याचं 'आय कान्ट क्विट यू बेबी' १९५६ चं, ते रात्री ऐकावं.

नुसतीच गिटार हवी असेल तर फ्रेडी किंगचं 'हाइडअवे', १९६० मध्ये मुद्रित झालेलं. शिकागोतल्या एका गुत्त्यावरून त्याचं नाव पडलं. दर आवर्तनाला नवी खोडी, त्यामुळे शिकणाऱ्याला धडे पाडून मिळतात. आणि ज्युनियर वेल्सची 'हूडू मॅन ब्लूज', १९६५ ची. मुद्रण चालू असताना त्यातल्या गिटारवाल्या बडी गायचा ॲम्प बंद पडला, तेव्हा त्याची गिटार ऑर्गनच्या लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरला जोडली. काही गाण्यांत ती पाण्यातून आल्यासारखी ऐकू येते ती त्यामुळे. हाच बडी गाय फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

स्टीव्ही रे व्हॉनचं नाव मी मुद्दाम शेवटी टाकलं. 'टेक्सास फ्लड', १९८३. अफाट माणूस, पण नव्यांना बिघडवतो. त्याच्या तारा जाड, तेराच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची), म्हणून मीही एका दुकानदाराच्या सल्ल्याने तेराच्याच बसवून घेतल्या. तो स्वतःची गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, हे दुकानदाराने सांगितलं नाही. चार दिवस मला पोळीचा तुकडा मोडता येईना.

"नऊच्या तारा लाव," असं भाच्याला लिहिलं आणि झोपलो.

तीन आठवडे शुकशुकाट. बहिणीला विचारलं तर म्हणाली, सबमिशन चालू आहेत. मग परवा दुपारी एक व्हॉइस नोट आली, अकरा सेकंदांची. आधी पंख्याची घरघर. मग घसा साफ केल्याचा आवाज आणि एक ओळ, गुणगुणलेली. मग तीच ओळ गिटारवर. शेवटचा सूर त्याने ओढला, धरला, हलवला, आणि मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, "भाई, खराब हो गया क्या?"

मी ती चार वेळा ऐकली. मग लिहिलं, "जरा वर घे."