दार लावून घे, दार लावू नकोस

‘उकोंचेते प्रोसीम वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी.’

चेक देशाच्या राजधानीत, प्रागच्या मेट्रोत, दार बंद व्हायच्या आधी दरवेळी हे चेक वाक्य लागतं. चढणं-उतरणं आटपून घ्या, दारं बंद होताहेत. विमानतळावरून शहरात येताना हिरव्या मार्गावर मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि बॅग सांभाळत वहीत उतरवून घेतलं. ‘द्वेर्झे’ म्हणजे दारं, आपल्या ‘द्वार’चं सख्खं भावंड. पण मला त्याहून मोठा आनंद क्रियापदांचा झाला. ‘उकोंचेते’ हे पूर्ण रूप: संपवा, आटपून घ्या. ‘झावीरायी’ हे अपूर्ण: बंद होण्याची क्रिया अजून चाललीय. माझ्या निबंधाचा सगळा विषय मेट्रोवाल्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

चार्ल्स विद्यापीठात तरुण स्लाव्हिस्टांची वार्षिक परिषद भरते, तिला मी निघाले होते. स्लाव्हिस्ट म्हणजे रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन, सर्बियन, स्लोव्हेनियन अशा स्लाव्ह भाषांचे आणि त्यांच्या साहित्याचे अभ्यासक. मी पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि त्यातच अडकले. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे यांत दोन महिने गेले, ते असो.

स्टारोमेस्त्स्का स्थानकातून वर आलं की दोन मिनिटांवर यान पालाख चौक. एका बाजूला रुडॉल्फिनम हे संगीतगृह, समोर व्ल्तावा नदी, पलीकडच्या टेकडीवर राजवाडा. नदीच्या काठालाच कला विद्याशाखेची इमारत आहे आणि तिच्या भिंतीवर पालाखचा मृत्यू-मुखवटा, म्हणजे मृत्यूनंतर चेहऱ्यावरून घेतलेला साचा, बसवलेला आहे. सोव्हिएत फौजा देशात घुसल्यानंतर लोक हळूहळू गप्प बसायला लागले, म्हणून जानेवारी १९६९ मध्ये याच विद्याशाखेतल्या या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतलं. रशियन भाषेवर बोलायला मी त्या दारातून आत जात होते. पाय थबकले. मुखवट्याखाली कुणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती. नंतर एका चेक मुलाला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘भाषेशी आमचं भांडण नाही. पण आमच्या आईवडिलांच्या पिढीला ती शाळेत सक्तीने शिकावी लागली, हे लक्षात ठेव.’ मी लक्षात ठेवलंय.

परिषदेची रीत मला फार आवडली. ज्याने त्याने आपल्या स्लाव्ह भाषेत बोलायचं. पोलिश मुलीने पोलिशमध्ये निबंध वाचला, स्लोव्हाक मुलाने स्लोव्हाकमध्ये प्रश्न विचारला, तिने पोलिशमध्येच उत्तर दिलं आणि मध्ये दुभाष्या कुणी नाही. कोल्हापूरचा माणूस मालवणी ऐकून जसा मान डोलावतो, चार शब्द सोडून देतो आणि मुद्दा पकडतो, तसंच. फसगतीही होतात. रशियनमध्ये ‘चोर्स्त्वी’ पाव म्हणजे शिळा, कडक झालेला. प्रागच्या बेकरीवर ‘चेर्स्त्वी’ पाव अशी पाटी असते, आणि चेकमध्ये त्याचा अर्थ ताजा! आपल्याकडे मराठीत ‘शिक्षा’ होते आणि हिंदीत ‘शिक्षा’ मिळते, तसं. हे उदाहरण मी जेवणाच्या टेबलावर दिलं, तर तिघांनी ते लिहून घेतलं.

आता माझ्या निबंधाबद्दल. स्लाव्ह भाषांत जवळपास प्रत्येक क्रियापद जोडीने येतं, एक अपूर्ण आणि एक पूर्ण. रशियनमध्ये ‘पिसात्य’ म्हणजे लिहिणं, ‘नापिसात्य’ म्हणजे लिहून पुरं करणं, ‘झापिसात्य’ म्हणजे लिहून घेणं. तिथे उपसर्ग क्रियापदाच्या आधी लागतो. आपण तेच काम मागून करतो: लिहून काढ, लिहून घे, लिहून ठेव, लिहून टाक. शाळेत याला संयुक्त क्रियापद म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणात या रूपांवर किती बारकाईने लिहिलंय, ते रशियन शिकल्यावर मला नीट उमगलं.

रशियनमध्ये ‘दार लाव’ म्हणताना पूर्ण रूप येतं: ‘झाक्रोय द्वेर्य.’ पण ‘लावू नकोस’ म्हणायचं तर रूप बदलून अपूर्ण होतं: ‘न्ये झाक्रिवाय.’ परभाषक विद्यार्थी इथे हमखास चुकतात. मीही दोन वर्षं चुकत होते. मग एक दिवस घरात आईचं बोलणं कानावर पडलं. वारा सुटला की ती म्हणते, ‘दार लावून घे गं.’ आणि मांजर बाहेर असलं की, ‘दार लावू नकोस.’ ‘घे’ गळून पडतं! ‘लावून घेऊ नकोस’ म्हणता येतं, पण मग अर्थच बदलतो, स्वतःला कोंडून घेऊ नकोस असा. नकार आला की जोडक्रियापद मागे सरतं आणि साधं क्रियापद पुढे येतं. मराठीचा स्लाव्ह भाषांशी शेजार नाही, आणि तरी सवय तीच.

आणखी एक गंमत सांगते. रोज घडणाऱ्या गोष्टीसाठी रशियन माणूस अपूर्ण रूपच वापरतो. चेक माणूस मात्र ‘तो रोज एक पेला पितो’ म्हणताना खुशाल पूर्ण रूप वापरतो. स्लाव्ह भाषांतल्या या पूर्व-पश्चिम भेदाची मांडणी अमेरिकन अभ्यासक स्टीफन डिकी यांनी २००० साली सविस्तर केली. आपणही ‘तो रोज सकाळी दूध पिऊन टाकतो’ असं म्हणतोच की. म्हणजे या बाबतीत मराठी प्रागच्या बाजूला.

वीस मिनिटांत एवढं बोलून झालं. मग वॉर्सॉहून आलेल्या एका पोलिश मुलीने हात वर केला. ‘सावध करायचं असेल तेव्हा काय करता? आमच्याकडे तेव्हा नकारातही पूर्ण रूप येतं. मुद्दाम नव्हे, चुकून घडेल अशा गोष्टीसाठी. तुमच्याकडे?’

मला उत्तर सुचेना. ‘पडू नकोस’ आठवलं, पण ते साधं क्रियापद. मी तिला सांगितलं, पाहून सांगते. खाली बसले तरी प्रश्न डोक्यातून जाईना.

दुपारचं सत्र सोडून मी क्लेमेंटिनममध्ये गेले. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या जुन्या विद्यालयाच्या या अवाढव्य वास्तूत स्लाव्ह ग्रंथालय आहे, १९२४ साली स्थापन झालेलं. क्रांतीनंतर रशियातून परागंदा झालेल्या कितीतरी लेखक-अभ्यासकांना त्या काळात प्रागने आसरा दिला. भाषावैज्ञानिक रोमान याकोबसन १९२० मध्ये इथे आले. १९२६ मध्ये प्राग भाषावैज्ञानिक मंडळ सुरू झालं, आणि १९२९ मध्ये स्लाव्हिस्टांची पहिली जागतिक परिषद याच शहरात भरली तेव्हा मंडळाने आपली भूमिका तिच्यापुढे मांडली. रशियन क्रियापदाच्या रचनेवरचा याकोबसन यांचा १९३२ चा लेख मला हवा होता. पूर्ण रूप जास्तीचं काही सांगतं, अपूर्ण रूप ते सांगायचं बंधन पाळत नाही, असा त्यातला विचार. पुण्यात मी त्याची झेरॉक्स वाचली होती, तीही कडेच्या ओळी कापलेली. इथे कापलेल्या ओळी वाचायला मिळाल्या. बाहेर अंधारून येईपर्यंत मी उठले नाही.

संध्याकाळी कार्ल पूल ओलांडून काम्पा बेटावर गेले. तिथल्या बागेत योसेफ दोब्रोव्स्की यांचा अर्धपुतळा आहे. स्लाव्हविद्येचा पाया घालणारा हा माणूस, १७५३ साली जन्मलेला. त्यांचं चेक भाषेचं मोठं व्याकरण १८०९ चं, पण लिहिलेलं जर्मनमध्ये. कारण तेव्हा विद्वत्ता चेकमध्ये मांडता येईल, असं फारसं कुणी मानत नव्हतं. त्याच्या चारच वर्षं आधी, १८०५ मध्ये, मिशनरी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, तेही इंग्रजीत. पुतळ्यावर ओली पानं चिकटली होती. हाताने मी ती काढली.

तिथूनच आजीला फोन लावला. पुण्यात रात्र झाली होती, पण ती जागीच होती. जेवलीस का, थंडी किती, टोपी घातलीस का, सगळं झालं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘आणि हे बघ, परक्या मुलखात पासपोर्ट हरवून बसू नकोस हं.’

‘आजी, पुन्हा म्हण.’

‘काय गं? पासपोर्ट म्हटलं, कुठे हरवून बसू नकोस. आणि आमची भाकरवडी त्या मुलांना द्यायची विसरून जाऊ नकोस.’

हरवून बसू नकोस. विसरून जाऊ नकोस. दोन्हीकडे नकार, आणि दोन्हीकडे जोडक्रियापद जागच्या जागी! दार आपण ठरवून लावतो, म्हणून तिथे ‘घे’ गळतं. हरवणं-विसरणं आपल्या हातून चुकून होतं, म्हणून ‘बसू’ आणि ‘जाऊ’ टिकतात. वॉर्सॉच्या मुलीने विचारलं होतं नेमकं तेच.

सकाळी कॉफीच्या रांगेत ती पुढेच उभी होती. मी भाकरवडीचा पुडा उघडला आणि आजीचं वाक्य शब्द शब्द सोडवून सांगू लागले: पासपोर्ट, हरवून, बसू... माझं पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, ‘न्ये झ्गुप!’ मागून प्रागचा मुलगा म्हणाला, ‘नेस्त्रात्य!’ मी रशियन जोडलं, ‘न्ये पतेर्याय!’ चारही भाषांत पूर्ण रूप. तिने पर्समधून पेन काढलं, कागदी रुमालावर तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि मराठीची चौथी ओळ रिकामी ठेवून पेन माझ्या हातात दिलं.