मणी पुसण्याचे सहा आठवडे

मिनेसोटातला माझा दुसरा हिवाळा. एका संग्रहालयाच्या जतन विभागात शिकाऊ म्हणून लागले आणि टेबलावर आली ती ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची खांद्यावरून तिरकी घालायची पिशवी, १९व्या शतकाच्या अखेरची. मखमलीवर वेली, पानं, फुलं, सगळी बारीक काचमण्यांची. मणी युरोपातून व्यापाऱ्यांमार्फत आलेले. त्याआधी ओजिब्वे बायका साळिंदराचे काटे रंगवून नक्षी करत. मण्याला त्यांच्या भाषेत ‘मनिदूमिनेन्स’ म्हणतात. त्यातला ‘मनि’ ऐकून मी उगाच खूश झाले. तिथे मनिदू म्हणजे दैवी शक्ती. आपल्या मण्याशी काडीचा संबंध नाही.

पहिले काही दिवस हात लावायलाच मनाई. पूर्वी कसर लागू नये म्हणून संग्रहालयं अशा वस्तूंवर आर्सेनिक मारत. म्हणून आधी क्ष-किरणांनी तपासणी, मग हातमोजे.

खरं दुखणं निळ्या मण्यांचं होतं. भिंगाखाली त्यांच्यावर पांढरट पापुद्रा दिसायचा, काही तर चिकट. काच बनवताना अल्कली, म्हणजे क्षार, जास्त आणि चुना कमी पडला, की हवेतल्या दमटपणाने तो क्षार बाहेर येतो. मणी घामेजतो, मग तडकतो, आणि तो घाम आतला दोराही खातो. बरा होणारा आजार नाही हा. पुसायचं आणि कोरड्या, स्थिर हवेत ठेवायचं, बस.

पुसायला अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल. काडीला कापूस गुंडाळायचा, वाती वळतो तसा. त्यात मी सगळ्यांच्या पुढे, आजीची कृपा! बोळा घासायचा नाही, मण्यावरून नुसता लोळवायचा. तिसऱ्या दिवशी एक बोळा जास्त ओला झाला आणि काठाच्या लाल पट्टीचा रंग कापसावर उतरला. पोटात गोळाच आला. लगेच टिपकागद दाबला, डाग पसरला नाही. तेव्हापासून प्रत्येक बोळा आधी टिपून घ्यायची सवय लागली.

एका हिरव्या पानात एकच गुलाबी मणी होता. नोंदवहीत मी लिहिलं, ‘चूक’. पुढच्या आठवड्यात पिशवी बघायला एक ओजिब्वे बाई आल्या, स्वतः मणीकाम करणाऱ्या. नोंद वाचून हसल्या. “चूक कशावरून गं?” काहीजणी म्हणे मुद्दाम एक मणी वेगळा ओवतात, माणसाचं काम निर्दोष नसतं म्हणून. मला बाळाच्या गालावरची तीट आठवली. “आणि काहीजणींचा हिरवा मणी संपलेला असतो,” असं म्हणून त्या पुन्हा हसल्या.

शेजारचे सहा मणी गळाले होते. ते भरायचे नाहीत असं ठरलं. सुटलेला दोरा तेवढा बारीक रेशमाने टाचला, पुढचे गळू नयेत म्हणून. नोंदवहीतला ‘चूक’ खोडून मी लिहिलं: ‘गुलाबी मणी एक. मूळचा. दोरा शाबूत.’