डोकं खाली, पाय वर

"अरे, हिरो डोक्यावर उभा आहे की!" मी घरी बनवलेल्या प्रोजेक्टरच्या खोक्यात वाकून बाबा म्हणाले. भिंतीवर पिक्चर सरळ चालू होता, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच.

खोक्यात जुन्या मॉनिटरमधून काढलेलं एलसीडी पॅनल, मागे 100 वॉटचा एलईडी, पॅनलच्या दोन्ही बाजूंना फ्रेनेल भिंगं (उजेड एकवटणारी पातळ, चपटी भिंगं), पुढे लेन्स. लेन्स चित्र उलटं करते, म्हणून पॅनलच उलटं बसवायचं. रंगीत एलसीडीतून जेमतेम 5-10 टक्के उजेड पार होतो, बाकीची नुसती उष्णता. त्यामुळे पंखा असा घरघरतो की संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागतो. (खोलीतले दिवे बंद केल्याशिवाय काही दिसत नाही, ते वेगळंच.)

बाबा म्हणाले, "जत्रेतल्या तंबूतही रीळ उलटंच लावायचे. आम्ही मुद्दाम मशीनजवळ बसायचो."

हे डोक्यातून जात नाहीये. विकतच्या प्रोजेक्टरची खासियत काय, तर मशीन दिसत नाही, ऐकू येत नाही. झाकणासाठी प्लायवूड कापून आणलंय, पण आता लावावंसंच वाटेना. धूळ बसेल, उजेड बाहेर सांडेल, सगळं कळतंय.

तंबूत पिक्चर बघितलेल्यांनो, तुम्ही पडद्याकडे बघायचात की मशीनकडे?