वहिनीचा प्रश्न

मंगळवार, रात्री

रक्ताचा रिपोर्ट आला. साखर काठावर, कोलेस्टेरॉल मर्यादेत, आणि एका ओळीपुढे ठळक अक्षरांत ४.१. ती ओळ एचएस-सीआरपीची, म्हणजे शरीरातला दाह (आतली सूज) दाखवणाऱ्या सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाची. दोन वर्षांपूर्वी दादाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्याचंही कोलेस्टेरॉल मर्यादेतच होतं. आयसीयूबाहेर बसून वहिनी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मग झालं कशानं?" मला काही सांगता आलं नव्हतं. तो प्रश्न मनातून गेलेला नाही. म्हणून या वेळी ही तपासणी मी आपणहून करून घेतली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते बघतात. मला नुकतीच सर्दी होऊन गेली होती, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. मग त्यांनी टेप घेऊन माझं पोट मोजलं. ९८ सेंटिमीटर. उंची १६८. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे ८४ च्या आत. वर्षभरात पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता. ते मला दिसत होतं, पण त्याचा रक्तवाहिन्यांशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

बुधवार

आज दिवसभर वाचत होतो. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेलं धान्य, लागेल तेव्हा काढायचं, अशीच माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. मेदपेशी रक्तात सतत काही ना काही सोडत असतात. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक याच पेशींतून येतं, ते १९९४ मध्ये सापडलं. त्याच्या आदल्या वर्षी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन सापडलं होतं.

दाह कसा सुरू होतो ते वाचताना मी बराच वेळ थांबलो. साठा वाढला की मेदपेशी फुगते. फुगता फुगता तिच्यावर ताण येतो, काही पेशी मरतात. मेलेलं आवरायला मॅक्रोफेज, म्हणजे कचरा खाणाऱ्या संरक्षक पेशी, धावून येतात आणि त्या मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. सडपातळ माणसाच्या चरबीतल्या एकूण पेशींत मॅक्रोफेज १० टक्क्यांहून कमी असतात. लठ्ठपणात ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेल्याचं २००३ मध्ये दिसलं. जखम असती तर या पेशी काम उरकून शांत झाल्या असत्या. इथे जखम भरतच नाही, त्यामुळे त्या टीएनएफ आणि आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारं आणखी एक प्रथिन) सोडतच राहतात. दुखत नाही, ताप नाही, काहीच कळत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं, आणि आयएल-६ पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. सर्दीचा वाटा सोडला तर माझे ते ४.१ इथून आलेले असू शकतात.

गुरुवार

आज रक्तवाहिनीच्या बाजूनं वाचलं. तिच्या आत एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. अस्तर शाबूत असलेली पट्टी ॲसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर सैल पडायची, अस्तर घासून निघालेली पडायची नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, आणि १९९८ मध्ये त्यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं. हा वायू रक्तवाहिनीला सैल करतो, रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना, चिकटू देत नाही.

दाहात हाच वायू कमी पडतो. अस्तरावर चिकट रेणू उगवतात, त्यांना पांढऱ्या पेशी अडकतात, आत शिरतात, तिथल्या एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण गिळून फुगतात. चरबीतून येणारं, अस्तराला जपणारं ॲडिपोनेक्टिनही लठ्ठपणात घटतं. इतकी वर्षं आम्ही घरात "नळीत गाळ साचतो" असंच म्हणत आलो. पण हा थर भिंतीच्या आत वाढतो, आणि दाह त्याच्यावरचं झाकण पातळ करत जातो. ते फाटलं की तिथे गुठळी होते. फार अरुंद न झालेल्या वाहिनीतही हे होऊ शकतं. दादा आदल्या दिवशी जिने चढून आला होता, त्याला दमही लागला नव्हता.

२०१७ चा कँटोस अभ्यास मी दोनदा वाचला. झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले दहा हजारांहून अधिक लोक. औषध फक्त दाहाच्या एका प्रथिनाला अडवणारं, एलडीएलला हात न लावणारं. मधल्या मात्रेत झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. दाह आपल्याला जगवतोही, तो सरसकट बंद करून चालत नाही.

आणखी एक वाचलं ते मनात घोळतंय. २००४ मध्ये पंधरा स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची जवळपास दहा किलो चरबी शस्त्रक्रियेनं काढली. अडीच-तीन महिन्यांनी पाहिलं तर सीआरपी होतं तसंच. आतली चरबी जागेवर होती, उरलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या होत्या. चालण्यानं, कमी खाण्यानं मात्र आतली चरबी आटते, उरलेल्या पेशी लहान होतात, सीआरपी उतरतं.

शुक्रवार

संध्याकाळी दादाबरोबर चाळीस मिनिटं चाललो. चालताना रक्ताचा वेग वाढतो, त्या घासण्यानंच अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं, हे त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण वळायच्या कोपऱ्यावर न वळता पुढे गेला.

परत आल्यावर वहिनीसमोर बसलो. तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही, पण जेवढं कळलं तेवढं सांगितलं. झाकण फाटल्याचं ऐकताना तिचे डोळे भरून आले. मग उठली, शिवणाच्या डब्यातून टेप काढली, आधी दादाचं आणि मग स्वतःचं पोट मोजलं, आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहिले.